बीएच-४ नॉसमध्ये नेमका बसतो कुठे, आणि तिथे बसून करतो काय?

प्रश्न थोडक्यात असा: "मी सोलापुरात एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नायट्रिक ऑक्साइड सिंथेज (नॉस) या एन्झाइमवर प्रोजेक्ट आहे. टेट्राहायड्रोबायोप्टेरिन (बीएच-४) हा कोफॅक्टर, म्हणजे एन्झाइमचा मदतनीस रेणू, एका पुस्तकात 'इलेक्ट्रॉन देणारा' आहे, दुसऱ्यात 'डायमर (दोन साखळ्यांचा जोड) टिकवणारा'. खरं काय? शिवाय मी तो घालूनही नायट्राइट (ज्यावरून नायट्रिक ऑक्साइड किती बनला ते मोजतो) वाढत नाही, उलट कधीकधी कमीच येतं. आणखी एक, वडिलांना मधुमेह आहे. ते 'नायट्रिक ऑक्साइड वाढवणाऱ्या' आर्जिनिनच्या कॅप्सूल घेतात. त्यांचा उपयोग होतो का?"

दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत. या एन्झाइममध्ये जागेवर बसणं आणि काम करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जागेवर बसलेला प्रत्येक रेणू काम करतोच असं नाही, म्हणून गोंधळ होतो. कचेरीत एका दाखल्यासाठी तीन खेपा घातलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. तुमच्या कमी येणाऱ्या नायट्राइटचं आणि वडिलांच्या कॅप्सूलचं उत्तरही याच एका गोष्टीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी यंत्र डोळ्यांसमोर आणा. नॉस (लॅबमध्ये आपण सगळे हेच म्हणतो) म्हणजे दोन सारख्या साखळ्यांची जोडी. प्रत्येक साखळीच्या अमिनो टोकाकडे ऑक्सिजनेज भाग असतो. हीम (लोह धरणारं कडं), बीएच-४ आणि आर्जिनिन (ज्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनतो ते अमिनो आम्ल) यांच्या जागा तिथे. कार्बॉक्सी टोकाकडच्या रिडक्टेज भागात एफएमएन आणि एफएडी हे इलेक्ट्रॉन पुढे नेणारे रेणू, आणि इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या एनएडीपीएचची जागा. दोन्हींच्या मधल्या पट्टीवर कॅल्मोड्युलिन हे कॅल्शियम धरणारं प्रथिन चढतं. इलेक्ट्रॉन एनएडीपीएचकडून एफएडीकडे, तिथून एफएमएनकडे आणि मग हीमकडे जातात. गंमत अशी की एफएमएन इलेक्ट्रॉन देतं ते आपल्या साखळीतल्या हीमला नाही, जोडीदाराच्या हीमला. म्हणून एकटी साखळी नायट्रिक ऑक्साइड करूच शकत नाही.

प्रकार तीन. चेतापेशींतला, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातला, आणि दाह झाला की मॅक्रोफेजसारख्या पेशींत नव्याने तयार होणारा. पहिल्या दोघांना कॅल्शियम वाढल्याशिवाय कॅल्मोड्युलिन धरता येत नाही. तिसरा ते इतकं घट्ट धरतो की कॅल्शियम वाढायची वाट बघत नाही. ऑक्सिजनेज भागाची घडण मात्र तिघांत जवळपास एकच, म्हणून बीएच-४ची गोष्टही बरीचशी एकच.

नॉसला बीएच-४ लागतो हे १९८९ साली दोन वेगवेगळ्या गटांनी मॅक्रोफेजच्या एन्झाइमवर दाखवलं. त्याआधी हा रेणू ओळखीचा होता तो फिनिलॲलानिन हायड्रॉक्सिलेजचा कोफॅक्टर म्हणून. ते काम सेमूर कॉफमन यांचं. 'टेरिन' हे घराण्याचं नाव ग्रीक भाषेतल्या पंखावरून आलं आहे, कारण या जातीचे रेणू प्रथम फुलपाखरांच्या पंखांतले रंग म्हणून माहीत झाले. आपल्या सोलापुरातल्या धर्मवीर संभाजी तलावाच्या काठाने पावसाळ्यात पिवळी फुलपाखरं उडतात, त्यांच्या पिवळेपणाचं आणि तुमच्या प्रोजेक्टचं हे लांबचं नातं.

आता जागा. १९९८ मध्ये दाहाच्या आणि रक्तवाहिनीच्या नॉसच्या स्फटिकरचना प्रसिद्ध झाल्या आणि चित्र स्वच्छ झालं. बीएच-४ बसतो तो दोन साखळ्या जिथे एकमेकींना भिडतात त्या सांध्याजवळ, हीमच्या अगदी बगलेत. त्याच्या कड्यातला एक नायट्रोजन हीमच्या प्रोपिओनेट हाताला हायड्रोजन बंधाने धरतो. हीमचा तोच हात आर्जिनिनच्या अमिनो गटालाही धरून असतो. म्हणजे कोफॅक्टर आणि कच्चा माल एकाच खुंटीला बांधलेले. बीएच-४ असला की आर्जिनिन घट्ट बसतं आणि आर्जिनिन असलं की बीएच-४ घट्ट बसतो, याचं मूळ या खुंटीत आहे.

बीएच-४चं सपाट कडं एका बाजूने ट्रिप्टोफॅनला टेकलेलं असतं (उंदराच्या दाह-नॉसमध्ये तो क्रमांक ४५७) आणि दुसऱ्या बाजूला समोरच्या साखळीतलं फिनिलॲलानिन येऊन भिडतं. एकाच रेणूला दोन्ही साखळ्यांनी दोन बाजूंनी दाबलेलं असल्यामुळे तो जोडाला आवळून ठेवतो. सांध्याच्या दुसऱ्या टोकाला जस्ताचा एक अणू असतो, दोन्ही साखळ्यांच्या प्रत्येकी दोन सिस्टीनांनी धरलेला. जस्त रासायनिक क्रियेत भाग घेत नाही, फक्त सांधा धरतो. या एन्झाइमला 'जस्तावर चालणारा' म्हणणारे गाइड माझ्या हातात आले आहेत, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

आणखी एक बारकावा. बीएच-४ नसलेल्या रक्तवाहिनी-नॉसच्या रचनेत त्या रिकाम्या जागी चक्क आर्जिनिन जाऊन बसलेलं दिसलं. जागा धनभारित गोष्टीला आवडणारी आहे, असा त्याचा अर्थ. ही जागा बीएच-४ला एक इलेक्ट्रॉन काढून टाकायला अनुकूल असावी, हा अंदाज तेव्हाच बांधला गेला होता.

जोड टिकवण्याची गोष्ट मी पुस्तकात वाचली होती, पण पटली ती बर्फामुळे. ई. कोलाय जिवाणूला बीएच-४ बनवता येत नाही. त्याच्यात नॉस तयार केला की एन्झाइम हीमसकट मिळतो पण बीएच-४शिवाय, आणि मग तो आपण बाहेरून घालून फरक बघू शकतो. बीएच-४ धरलेला जोड प्रथिनं सुटी करणाऱ्या एसडीएस या साबणालाही दाद देत नाही, मात्र प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारी जेल थंड असेल तरच. पहिल्यांदा मी ती जेल मे महिन्यात लावली. बाहेर बेचाळीस अंश, खोलीत पंखा. दोन्ही रांगांत फक्त सुट्या साखळ्यांचा पट्टा आला आणि मी दोन दिवस एन्झाइमला दोष देत बसलो. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या रसवंतीतून पाच किलो बर्फ आणला, अख्खी टाकी त्यात बुडवली, नमुना न उकळता घातला. बीएच-४च्या रांगेत वर जोडाचा जाड पट्टा, शेजारच्या रांगेत तो फिकट. तो पट्टा बघून चहा प्यायला गेलो ते तासाभराने परतलो.

हीमचा रंगही हेच सांगतो. बीएच-४ आणि आर्जिनिन नसताना शोषणाचं शिखर ४१८ नॅनोमीटरच्या आसपास असतं. दोन्ही घातले की ते ३९५-४०० कडे सरकतं. याचा अर्थ लोहाला सहाव्या बाजूने चिकटलेला पाहुणा निघून गेला, लोह हाय-स्पिन झालं आणि ऑक्सिजनसाठी ती बाजू मोकळी झाली. क्युव्हेटमध्ये दोन थेंब टाकून हे सरकणं समोर बघता येतं. स्पेक्ट्रोफोटोमीटर बरा असेल तर जरूर करा, एवढा स्वस्त आणि बोलका प्रयोग दुसरा नाही. एक सावधगिरी: एन्झाइम जपायला घालतात तो डीटीटी जास्त असेल तर तोच हीमला चिकटतो आणि शिखर दुभंगतं.

जोडाच्या बाबतीत तिन्ही प्रकार सारखे वागत नाहीत. दाह-नॉसला जोड जुळवायलाच बीएच-४ची मोठी मदत लागते. इतर दोघांचा जोड हीम बसलं की बराचसा जुळतो, बीएच-४ त्याला पक्का करतो. तुमच्या दुसऱ्या पुस्तकाने बहुधा दाह-नॉसची गोष्ट सगळ्यांची म्हणून सांगितली आहे.

आता इलेक्ट्रॉन. इथे फिनिलॲलानिन हायड्रॉक्सिलेजचं चित्र डोक्यातून पुसून टाका. तिथे बीएच-४ एका फेरीत दोन इलेक्ट्रॉन देतो, एन्झाइममधून बाहेर पडतो आणि वेगळा एन्झाइम त्याला पुन्हा भरून देतो. नॉसमध्ये तो जागा सोडत नाही. एकच इलेक्ट्रॉन देतो, क्षणभर रॅडिकल होतो आणि जागच्या जागी भरून निघतो. हे रॅडिकल १९९९ मध्ये ईपीआरने (एकट्या पडलेल्या इलेक्ट्रॉनचा माग काढणाऱ्या तंत्राने) प्रत्यक्ष टिपलं गेलं, तेव्हा 'हा फक्त जोड टिकवतो' म्हणणाऱ्यांना माघार घ्यावी लागली.

त्याची गरज नेमकी केव्हा पडते ते बघा. एफएमएनकडून पहिला इलेक्ट्रॉन आला, लोह फेरिकचं फेरस झालं (एक इलेक्ट्रॉन जास्त), त्याच्यावर ऑक्सिजन बसला. ही अवस्था फार नाजूक. लगेच दुसरा इलेक्ट्रॉन मिळाला नाही तर ऑक्सिजन तो पहिला इलेक्ट्रॉन घेऊन पळतो, म्हणजे सुपरऑक्साइड होऊन निसटतो. एफएमएनचा भाग एव्हाना पुढचा इलेक्ट्रॉन आणायला एफएडीकडे वळलेला असतो, त्याला परत यायला वेळ लागतो. बीएच-४ मात्र बगलेतच बसलेला. तो आपला इलेक्ट्रॉन पटकन टेकवतो, ऑक्सिजनचा बंध तुटायला लागतो, एक अणू आर्जिनिनवर जातो आणि एक पाणी होऊन निघतो. मी मघाशी सांगितलेलं ट्रिप्टोफॅन बदलून तिथे फिनिलॲलानिन घातलं तर हे देणं मंदावतं आणि नायट्रिक ऑक्साइड घटतं. टेकू बदलला की हातही चाचरतो.

पहिल्या टप्प्यात आर्जिनिनचं हायड्रॉक्सी-आर्जिनिन होतं आणि रिकामा झालेला बीएच-४ रिडक्टेजकडून भरला जातो. दुसऱ्या टप्प्यात हायड्रॉक्सी-आर्जिनिनचं सिट्रुलिन होतं आणि नायट्रिक ऑक्साइड सुटतो. इथेही बीएच-४ इलेक्ट्रॉन देतो, पण आज सर्वसाधारणपणे मान्य असलेल्या मांडणीनुसार शेवटी तो परत घेतो. नायट्रिक ऑक्साइड फेरस लोहाला फार घट्ट चिकटतो, फेरिकला सैल. बीएच-४ने आपला उसना इलेक्ट्रॉन परत ओढला की लोह फेरिक होतं आणि नायट्रिक ऑक्साइड सुटून बाहेर पडतो. नाहीतर एन्झाइम स्वतःच्याच मालाने गुदमरला असता. मला विचाराल तर या रेणूची सगळ्यात देखणी चाल हीच. हिशेबही जुळतो: पहिल्या टप्प्यात दोन इलेक्ट्रॉन, दुसऱ्यात एक, म्हणजे एका नायट्रिक ऑक्साइडमागे दीड एनएडीपीएच. हा दीडचा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता तुमच्या दोन पुस्तकांचं भांडण मिटवणारा पुरावा. ४-अमिनो-टेट्राहायड्रोबायोप्टेरिन नावाचा जुळा भाऊ आहे. तो त्याच जागी छान बसतो, जोडही आवळतो, पण नायट्रिक ऑक्साइड बनू देत नाही. दुसरा नातेवाईक म्हणजे बीएच-२, बीएच-४ गंजला (म्हणजे त्याचं ऑक्सिडीकरण झालं) की होणारा. हाही त्याच जागी बसतो आणि रक्तवाहिनी-नॉस तर त्याला जवळपास बीएच-४ इतक्याच ओढीने धरतो. बीएच-२कडे द्यायला इलेक्ट्रॉन नाही. एन्झाइमला हा फरक ओळखता येत नाही. म्हणून पेशीत बीएच-४ किती आहे एवढं बघून भागत नाही, त्याचं बीएच-२शी प्रमाण काय आहे ते बघावं लागतं.

बीएच-२ बसलेल्या नॉसचं काय होतं? मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढलो, घरी चार माग होते. चादरीच्या मागावर कांडी संपली किंवा बाण्याचा धागा तुटला की एक बारीक काटा माग थांबवतो. तो काटा बिघडला तर धोटा मोकळाच इकडून तिकडे पळतो, विजेचं मीटर फिरत राहतं आणि कापड एक बोटही पुढे सरकत नाही. नॉसमध्ये असा काटा नाही. एनएडीपीएच खर्च होत राहतं, ऑक्सिजन येत राहतो आणि नायट्रिक ऑक्साइडच्या जागी सुपरऑक्साइड बाहेर पडतो. यालाच अनकपलिंग म्हणतात. मागाची उपमा एवढ्यावरच थांबते, कारण मोकळा माग निदान शेजारचा माग बिघडवत नाही. सुपरऑक्साइड उरलेल्या नायट्रिक ऑक्साइडला गाठून पेरॉक्सिनायट्राइट बनवतो, आणि ते आणखी बीएच-४ला गंजवतं. मग आणखी नॉस असे मोकळे पळू लागतात.

पेशी बीएच-४ बनवते जीटीपीपासून, तीन एन्झाइमांतून. पहिला, जीटीपी सायक्लोहायड्रोलेज, हाच वेग ठरवतो. दाहाचे जे संदेश दाह-नॉस चालू करतात तेच बहुतेक वेळा यालाही चालू करतात, म्हणजे यंत्राबरोबर वंगणाचीही ऑर्डर जाते. बीएच-२ला परत बीएच-४ करायचं काम डायहायड्रोफोलेट रिडक्टेजचं, तोच जो मेथोट्रेक्सेटने अडतो. क जीवनसत्त्व बीएच-४ला गंजण्यापासून बरंच वाचवतं.

वडिलांच्या कॅप्सूलचं इथेच उरकतो. नॉसचं आर्जिनिन थोडक्यात भागतं, काही मायक्रोमोलर पुरतं. रक्तात आणि पेशीत ते त्याच्या कितीतरी पट असतंच. मधुमेहात, रक्तदाबात, बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत एक मोठी अडचण असते ती बीएच-४ गंजण्याची. तिथे आर्जिनिन ओतणं म्हणजे धोटा बिघडलेला असताना गोदामात सूत भरणं. 'मग बीएच-४च देऊ' हेही करून झालं आहे. २०१२ मध्ये हृदयाच्या धमन्यांचा आजार असलेल्या रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. तोंडाने दिलेला बीएच-४ रक्तात वाढला, पण त्याच्याबरोबर बीएच-२ही वाढला, प्रमाण तिथेच राहिलं आणि रक्तवाहिन्यांत सुधारणा दिसली नाही. मघाचं प्रमाणाचं बोलणं रुग्णांतही खरं ठरलं. फिनिलकीटोनुरियाच्या (फिनिलॲलानिन शरीरात साचत जाण्याच्या जन्मजात विकाराच्या) काही रुग्णांना हाच रेणू औषध म्हणून उपयोगी पडतो, अमेरिकेत त्याला २००७ मध्ये मान्यता मिळाली, पण ते दुखणं वेगळं. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी आपल्याकडे अनेक आजोबांच्या खिशात असते. ती नॉसला वळसा घालून थेट नायट्रिक ऑक्साइड पुरवते, म्हणून चालते. वडिलांना सांगा, कॅप्सूलचे पैसे वाचवा, पण साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांना स्वतःच्या मनाने हात लावू नका, आणि कॅप्सूल घेत होतो हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता तुमची नळी. मलाही एकदा असंच झालं होतं. सकाळी साडेदहाला ७.४ पीएचच्या बफरमध्ये बीएच-४ विरघळवला आणि वीज गेली. नळी टेबलावरच राहिली. दीडला वीज आल्यावर तोच वापरला. एनएडीपीएच झरझर खाली, नायट्रिक ऑक्साइड जवळपास शून्य. द्रावण उजेडात धरलं तर किंचित पिवळसर. चिठ्ठीवर बीएच-४ लिहिलेलं, आत बहुतेक बीएच-२ आणि तुटलेले तुकडे. उदासीन बफरमध्ये, हवेत, आपल्या उन्हाळ्यात बीएच-४ तासभरही भरवशाचा नाही.

तुमचं नायट्राइट कमी येण्याची आणखी दोन कारणं असू शकतात. बीएच-४ हवेत गंजताना स्वतःच सुपरऑक्साइड सोडतो. तो तुमचा नायट्रिक ऑक्साइड खातो आणि शेवटी नायट्रेट होतं, जे नायट्राइट मोजणाऱ्या ग्रीस चाचणीला दिसतच नाही. म्हणजे बीएच-४ जितका जास्त घालाल तितकं कमी दिसेल. दुसरं, एनएडीपीएच आणि डीटीटी दोन्ही ग्रीसच्या गुलाबी रंगात ढवळाढवळ करतात.

म्हणून असं करा. बीएच-४ची पूड सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा, छोट्या छोट्या भागांत गोठवा, एक भाग एकदाच वापरा, उरलेला फेकून द्या (जीव तुटतो, तरी फेका). क्रियेच्या नळीत तो १० मायक्रोमोलरच्या आसपास ठेवा आणि सुपरऑक्साइड मोडणारा एन्झाइम, सुपरऑक्साइड डिसम्यूटेज, जरूर घाला. ग्रीसऐवजी ऑक्सिहिमोग्लोबिनने मोजा: नायट्रिक ऑक्साइडमुळे त्याचं मेटहिमोग्लोबिन होतं, ते ४०१ नॅनोमीटरला वाढताना दिसतं. शेजारच्या क्युव्हेटमध्ये, हिमोग्लोबिन न घालता, ३४० ला एनएडीपीएच किती घटतं ते बघा. तीन नळ्या लावा: बीएच-४ची, बीएच-२ची, आणि दोन्ही नसलेली. बीएच-४च्या नळीत एनएडीपीएच आणि नायट्रिक ऑक्साइड यांचं गुणोत्तर दीडच्या जवळ आलं तर तुमचा कोफॅक्टर जिवंत आहे. ते पाच-सहावर गेलं तर नळीवर काहीही लिहिलेलं असो, जागेवर बीएच-२ बसला आहे किंवा जागा रिकामी आहे. नमुन्यातलं खरं प्रमाणच हवं असेल तर एचपीएलसीची (मिश्रणातले रेणू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राची) जुनी युक्ती आहे: आयोडीनने आम्लात गंजवलं की बीएच-४ आणि बीएच-२ दोन्हींचं बायोप्टेरिन होतं, अल्कलीत बीएच-४ची शेपूट तुटते आणि तो त्या शिखरातून वगळला जातो. दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे तुमचा बीएच-४.

जोडाची जेल लावणार असाल तर सकाळी लवकर लावा, आणि बर्फाचं आदल्या दिवशीच सांगून ठेवा. मे महिन्यात दुपारी तीननंतर रसवंतीवाल्याकडेही तो उरत नाही.